बाण वर गेला, पुढे काय?

नमस्कार मंडळी. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा गॅदरिंग, सहल, छड्या हे सगळं बाकीचे लिहितीलच, मी आपल्या केमिस्ट्रीच्या सरांच्या सोड्याबद्दल लिहितो.

धुण्याचा सोडा कसा बनवतात हे पुस्तकात जेमतेम पानभर, तेही सॉल्व्हे पद्धत. सर ते पटकन उरकायचे आणि मग सिलॅबसमध्ये नसलेल्या, त्याआधीच्या लब्लांक पद्धतीवर घसरायचे. फ्रान्समध्ये काच, साबण, कापड सगळ्याला सोडा लागायचा आणि तो यायचा स्पेनकडच्या झाडांच्या राखेतून, म्हणून मिठापासून सोडा करणाऱ्याला बक्षीस जाहीर झालेलं. निकोला लब्लांकने पद्धत शोधली, 1791 ला पेटंट घेतलं, आणि मग राज्यक्रांती. पैसे लावणारा ड्यूक 1793 मध्ये गिलोटिनवर गेला, कारखाना जप्त, पद्धत जगजाहीर, बक्षीस राहिलंच. 1806 मध्ये या माणसाने आत्महत्या केली. हे सांगताना सर खरंच चिडायचे, जणू काही लब्लांक त्यांच्या चाळीत राहायचा.

मग फळ्यावर रिअ‍ॅक्शन. मीठ अधिक गंधकाम्ल, सोडियम सल्फेट मिळालं, आणि हायड्रोजन क्लोराइडपुढे वर जाणारा बाण, म्हणजे तो वायू होऊन उडून गेला. आम्ही लिहून मोकळे. सर त्या बाणाला गोल करून विचारायचे, हा गेला कुठे? तर इंग्लंडमध्ये लिव्हरपूल, सेंट हेलेन्स, विडनेसच्या आसपास हे कारखाने वाढले आणि तो बाण जायचा शेजारच्या शेतात, पिकं झाडं जळायची, लोक कोर्टात जायचे, मालक काय करणार तर चिमणी अजून उंच. विल्यम गॉसेजने 1836 मध्ये एका पडक्या पवनचक्कीत काटक्याकुटक्या भरून वरून पाणी सोडलं आणि खालून तो वायू, पाण्यात विरघळून आम्ल झालं. मला आजही हा किस्सा प्रचंड आवडतो. पण सगळे मालक कुठे ऐकायला, शेवटी 1863 मध्ये अल्कली अ‍ॅक्ट आला, 95 टक्के वायू पकडलाच पाहिजे, आणि तपासायला सरकारी इन्स्पेक्टर. गंमत म्हणजे पुढे त्याच आम्लातून क्लोरीन काढून ब्लीचिंग पावडर करायला लागले आणि सोड्यापेक्षा त्यावरच धंदा तगला.

दुसरी भानगड सल्फेटची. ते कोळसा आणि चुनखडीबरोबर भट्टीत घातलं की काळी राख, ती पाण्यात खळबळली की सोडा पाण्यात आणि उरलेला कॅल्शियम सल्फाइडचा काळा गाळ बाहेर. त्याचे डोंगर उभे राहिले आणि त्यातून सडक्या अंड्याचा वास. तो वास कसा ते सांगायची गरज नव्हती, लॅबमधलं किप्स अ‍ॅपरेटस, म्हणजे तसाच वासाचा वायू बनवायचं काचेचं उपकरण, चालू झालं की अख्ख्या मजल्याला कळायचं, पार मुख्याध्यापकांच्या ऑफिसपर्यंत.

बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने 1860 च्या दशकात मिठाचं पाणी, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड वापरून हे सगळं बदललं. बायकार्बोनेट खाली बसतं, ते तापवलं की सोडा, आणि महागडा अमोनिया चुन्याने परत मिळवायचा. इंग्लंडमध्ये ब्रुनर आणि माँड यांनी 1873 मध्ये त्याचीच कंपनी काढली आणि लब्लांकवाले हळूहळू बसले. पुस्तकात म्हणे ही स्वच्छ पद्धत. सर म्हणाले बघा नीट, रिअ‍ॅक्शनच्या उजवीकडे कॅल्शियम क्लोराइड उरलंय की, त्याचं काय करणार?

त्याचं उत्तर मला नोकरीने न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजला आणल्यावर मिळालं. इथे शेजारच्या गावाचं नावच सॉल्व्हे, 1881 मध्ये कंपनी निघाली आणि 1986 मध्ये कारखाना बंद झाला. ओनोंडागा तळ्याच्या काठाला त्याच पद्धतीतून उरलेल्या पांढऱ्या गाळाचे मोठाले थर आहेत, आणि राज्याच्या जत्रेचं पार्किंग चक्क त्यावर आहे. मी वेस्ट ट्रीटमेंटवालाच असल्याने गाडी लावली की सुरू होतो, मग बायको म्हणते पुरे तुमच्या सरांचं, आधी तिकिटं काढा.