समाधी शेवटी: मदर तेरेसांचं कोलकाता, वर्षांच्या क्रमानं

मदर तेरेसांसाठी कोलकात्याला जाणारे बहुतेक जण टॅक्सीनं थेट मदर हाउसच्या, म्हणजे त्यांच्या संघाच्या मुख्यालयाच्या, गल्लीत उतरतात. समाधीला हात लावतात, जिना चढून त्यांची खोली बघतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात. मी समाधी मुद्दाम शेवटी ठेवली. आधी एंटाली, मग क्रीक लेन, कालीघाट, टिटागढ, आणि सगळ्यात शेवटी मदर हाउस. या क्रमानं गेलं की काम कसं वाढलं ते कळतं, आणि समाधी एवढी साधी का हेही विचारावं लागत नाही.

वार आधी ठरवा. मदर हाउस गुरुवारी बंद असतं. इतर दिवशी सकाळी ८ ते १२ आणि दुपारी ३ ते ६ उघडं. १२ ते ३ या वेळात दारावर जाऊन बेल वाजवण्यात अर्थ नाही. दोन दिवस पुरतात, मात्र त्यातला एकही गुरुवार नको.

हावड्याला उतरल्यावर मेट्रोच्या ग्रीन लाइननं सियालदह गाठा. ऑगस्ट २०२५ पासून ही लाइन सलग सुरू झाली आहे, त्यामुळे हावडा पुलावरच्या गर्दीत अडकायचं कारण उरलं नाही. सियालदहहून दक्षिणेला पंधरा मिनिटं चाललं की मौलालीचा चौक येतो. तिथून जवळच एंटालीतलं लोरेटो कॉन्व्हेंट. ही चालती शाळा आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे; परवानगीशिवाय आत सोडत नाहीत आणि सोडूही नये. बघायची आहे ती भिंत.

मदर तेरेसांचं मूळ नाव अंजेझ गोंजे बोयाजियू. या मुलीचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्येत झाला. १९२८ साली ती लोरेटो या जोगिणींच्या (सिस्टरांच्या) संघात दाखल झाली आणि ६ जानेवारी १९२९ रोजी कलकत्त्यात पोचली. दार्जिलिंगला नवदीक्षितांचं शिक्षण, २४ मे १९३१ रोजी पहिली व्रतं, आणि मग याच आवारातल्या सेंट मेरीज शाळेत शिक्षिका. १९३७ मध्ये शेवटची व्रतं, १९४४ मध्ये मुख्याध्यापिका. लोरेटोच्या सिस्टर तेव्हा विनाकारण आवाराबाहेर पडत नसत. त्यामुळे जवळजवळ वीस वर्षं त्यांचं जग या भिंतीच्या आत होतं, आणि भिंतीला लागून मोतीझील वस्ती होती. ऑगस्ट १९४६ च्या दंगलीत शाळेतला धान्यसाठा संपला, तेव्हा शेकडो मुलींसाठी तांदूळ शोधायला त्या एकट्या रस्त्यावर उतरल्या. पुढच्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना लोरेटो सोडून गरिबांत राहून त्यांची सेवा करण्याचा निर्णायक कौल मिळाला. त्यांनी पुढे स्थापलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघात हा दिवस आजही पाळतात. चरित्रांत गाडीतल्या प्रसंगालाच सगळी जागा मिळते, पण भिंतीजवळ उभं राहिल्यावर मला ऑगस्टमधली ती तांदळाची फेरी जास्त महत्त्वाची वाटली.

कौल मिळाला तरी परवानगीला जवळजवळ दोन वर्षं गेली. आधी कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिए यांनी थांबवून धरलं, मग प्रकरण रोमला गेलं. १७ ऑगस्ट १९४८ रोजी निळ्या काठाची पांढरी सुती साडी नेसून त्या लोरेटोबाहेर पडल्या, पण वस्तीत गेल्या नाहीत. आधी पाटण्याला जाऊन मेडिकल मिशन सिस्टर्सच्या हॉस्पिटलात काही महिने रुग्णसेवेचे प्राथमिक धडे घेतले. हा टप्पा लोक गाळतात, आणि पुढचं सगळं तर त्यावरच उभं आहे. आपल्या सिस्टर गरिबांसारखा मीठ-भातच खातील, असा मदरचा बेत होता. पाटण्याच्या सिस्टरांनी तो साफ मोडून काढला. दिवसभर क्षयाच्या आणि जुलाबाच्या रोग्यांत राबायचं आणि पोटात नुसता भात, तर सहा महिन्यांत त्याच रोग्यांच्या रांगेत झोपाल, असा त्या सल्ल्याचा अर्थ होता. संघात तेव्हापासून साधं पण पोटभर जेवण, ठरलेली विश्रांती आणि आठवड्याची सुटी आली. गुरुवारी दार बंद असतं ते म्हणूनच.

२१ डिसेंबर १९४८ रोजी त्या पहिल्यांदा मोतीझीलमध्ये गेल्या. फळा नाही, खडू नाही. मातीवर काठीनं बंगाली अक्षरं काढून शाळा सुरू झाली. आज तिथं पक्की घरं आणि अरुंद बोळ आहेत. कॅमेरा पिशवीत ठेवून एक फेरी मारावी आणि निघावं. लोक तिथं राहतात, त्यांना प्रदर्शन करू नये.

मौलालीहून क्रीक लेन चालत गाठता येते. १४ नंबरच्या घराचा वरचा मजला गोम्स कुटुंबानं फेब्रुवारी १९४९ मध्ये मदरना राहायला दिला. १९ मार्चला त्यांची जुनी विद्यार्थिनी सुभाषिनी दास तिथं येऊन दाखल झाली. त्याच पुढे सिस्टर ॲग्नेस. ७ ऑक्टोबर १९५० रोजी संघाला धर्मप्रांताची मान्यता मिळाली, तेव्हा सगळा संघ या एका मजल्यावर मावत होता. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांना संघानं चौथं जोडलं: गरिबातल्या गरिबाची मनापासून आणि विनामोबदला सेवा. यातला ‘विनामोबदला’ हा शब्द कडक आहे. रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, संस्थेसाठी ठरीव उत्पन्नाची सोय करायची नाही, मदरच्या नावानं निधी गोळा करायचा नाही. कोणी आपण होऊन आणून दिलं तर घ्यायचं.

दुपारी एस्प्लनेडहून ब्लू लाइननं कालीघाट. स्टेशनपासून मंदिर दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. पंडे मागे लागतात. ‘निर्मल हृदय’ एवढंच म्हणत सरळ चालत राहायचं. मंदिराला लागूनच ती इमारत आहे. पूर्वी ही यात्रेकरूंची धर्मशाळा होती. महापालिकेनं ती मदरना दिली आणि २२ ऑगस्ट १९५२ रोजी रस्त्यावर मरणाऱ्यांसाठी घर उघडलं. सुरुवातीला विरोध झाला. मंदिराच्या एका पुजाऱ्याला क्षय झाला, कुणी ठेवून घेईना, शेवटी तो इथंच आला आणि मग विरोध मावळला, अशी हकिकत सांगितली जाते.

आत एक दालन पुरुषांचं, एक बायकांचं, बुटक्या खाटांच्या रांगा. नुसतं बघायला येणाऱ्यांनी दारात चौकशी करावी आणि नाही म्हटलं तर मागे फिरावं. काम करायचं असेल तर नोंदणी शिशु भवनात, संघाच्या मुलांच्या घरात, होते. एजेसी बोस रोडवर ७८ नंबर, वार सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, वेळ दुपारी ३, अशी प्रथा आहे. तरी मदर हाउसमध्ये आधी विचारून घ्या. ओळखपत्र लागतं. स्वयंसेवकांचा दिवस मदर हाउसमधल्या सकाळी ६ च्या मिस्सानं, म्हणजे सामूहिक प्रार्थनेनं, सुरू होतो. मिस्साला जाणं सक्तीचं नाही. त्यानंतर चहा, पाव, केळं, आणि तिथून सगळे आपापल्या घराकडे पांगतात.

काम म्हणजे मुख्यतः धुणं. घाण झालेले कपडे आणि चादरी आधी वेगळ्या काढायच्या, जंतुनाशकात भिजवायच्या, मग घासायच्या, खळबळायच्या. ब्लँकेट एकट्यानं पिळता येत नाही: दोघांनी दोन टोकं धरून उलट्या दिशेनं पीळ द्यायचा. पाणी नीट निघालं नाही तर कोलकात्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ते दोन दिवस वाळत नाही आणि वास धरतं. मग रोग्याच्या खाली पुन्हा ओलसर कापड जातं आणि कातडी सोलवटते.

नवख्यांच्या चुका बहुतेक वेळा उत्साहातून होतात. आडव्या माणसाच्या तोंडात घाईनं चमचा घातला की घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून आधी पाठीला आधार देऊन बसवायचं, छोटा घास द्यायचा, गिळल्याचं गळ्याकडे बघून पटलं की पुढचा. जेवणानंतरही अर्धा तास बसतं ठेवायचं. हाडं वर आलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर शय्याव्रण होतात. कूस बदलताना ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की आधीच पातळ झालेली कातडी चादरीला घासून फाटते. खरूज असलेल्याला अंघोळ घालताना हातमोजे लागतातच. मोजे न घालणं म्हणजे भक्ती नव्हे, तुमची खरूज पुढच्या खाटेवर जाते.

टीकाही इथंच झाली, आणि ती टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी इथल्या भेटीबद्दल लिहिलं. रोगनिदान नीट होत नाही, बरा होऊ शकणारा आणि मरणाच्या दारातला यांत भेद केला जात नाही, तीव्र वेदनाशामक औषधं नाहीत, असे त्यांचे आक्षेप होते. त्याच लेखात स्वच्छता, जखमांची निगा आणि माया यांची त्यांनी दखलही घेतली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर भारतात मॉर्फिन मिळवणं मोठ्या हॉस्पिटलांनाही जड झालं होतं, हे खरं. पण निदानाच्या त्रुटीला ते उत्तर होत नाही. मायेनं वेदना सुसह्य होते, पण कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सियालदहहून बराकपूरकडे जाणारी लोकल. टिटागढ बराकपूरच्या अलीकडचं स्टेशन, वीस-बावीस किलोमीटरवर. सगळ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत, पाटी बघून चढा. रुळांच्या कडेनं गांधीजी प्रेम निवास पसरलेलं आहे: कुष्ठरोग्यांचं केंद्र, १९५८ पासूनचं, मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या ब्रदर्सच्या, म्हणजे पुरुष शाखेच्या, देखरेखीखालचं. आधी कळवूनच जावं, आणि रोग्यांचे फोटो काढू नयेत.

इथं हातमाग आहेत आणि जगभरातल्या सिस्टरांच्या साड्या याच मागांवर विणल्या जातात. कुष्ठरोगाचे जंतू कातडीखालच्या मज्जातंतूंवर जातात, बधिरपणा येतो. बोट झडतं ते रोगानं नव्हे. भाजलेलं, कापलेलं कळत नाही, जखम चिघळते आणि हाड आखडत जातं. म्हणून मागावर बसणाऱ्याला डोळ्यांनी हात तपासायची सवय लावावी लागते. सूत सतत घासून बोटांना चिरा पडतात आणि त्या दुखत नाहीत, हाच धोका. आज बहुविध औषधोपचारानं रोग सहा महिने ते वर्षभरात बरा होतो आणि औषध सुरू होताच संसर्गही थांबतो. पण एकदा गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. त्यामुळे बरे झालेल्यांनाही काम आणि छप्पर लागतं.

साडी पांढरी, काठाला तीन निळ्या रेघा, त्यातली कडेची रुंद. नवदीक्षितांची साडी बिनकाठाची असते, निळा काठ व्रतं घेतल्यावर मिळतो. सिस्टरजवळ साड्या मोजक्या, आणि कपडे धुवायला स्वतःची बादली. या काठाच्या नक्षीची २०१६ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. नावाचा आणि वेशाचा धंदा होऊ लागला होता, त्याला आळा बसावा म्हणून. एवढ्या साध्या साडीलाही वकील लागला, याचं जरा हसू येतं.

दुपारी परत येऊन एजेसी बोस रोड. जुनं नाव लोअर सर्क्युलर रोड, जुनी माणसं अजून तेच म्हणतात. वाटेत शिशु भवन: १९५५ चं, टाकलेल्या आणि आजारी मुलांचं. अनेक वर्षं इथून दत्तक मुलं घरोघर गेली. २०१५ मध्ये सरकारनं नियम बदलले, एकट्या पालकांनाही मूल द्यावं लागेल म्हणून संघानं दत्तक देण्याचं कामच सोडलं. मला तो निर्णय पटलेला नाही. मूल घरात जाणं महत्त्वाचं, घरात किती माणसं आहेत हे नंतरचं.

मदर हाउस ५४ए नंबरला आहे, पण दार मोठ्या रस्त्यावर नाही, बाजूच्या गल्लीत आहे. नवखे इथंच चुकतात. १९५३ मध्ये, आर्चबिशपनी उसने दिलेल्या पैशांतून ही इमारत घेतली. समाधी तळमजल्यावर: पांढऱ्या संगमरवराचा एक चौथरा, त्यावर सिस्टर झेंडूच्या पाकळ्यांनी रोज एखादा शब्द किंवा वाक्य मांडतात. शेजारी लहानसं संग्रहालय: चपला, साडी, वाडगा, पत्रं. प्रवेशाला पैसे नाहीत. संग्रहालयात आणि खोलीपाशी फोटो काढायचे नाहीत. वर प्रार्थनागृह आहे. क्रूसाजवळ येशूचे ‘मला तहान लागली आहे’ हे शब्द लिहिलेले आहेत. संघाच्या प्रत्येक प्रार्थनागृहात ते असतात.

जिन्यानं वर गेलं की ती खोली. दारातूनच बघायची. खाट, टेबल, थोडं सामान. खोली स्वयंपाकघरावर आहे आणि पंखा नाही. एप्रिल-मेमध्ये तिथं दोन मिनिटं उभं राहिलं तरी घाम निथळतो. १९५३ पासून ५ सप्टेंबर १९९७ पर्यंत त्या इथं राहिल्या. १९७९ चं नोबेल, १९८० चं भारतरत्न, सगळं याच खोलीत परत आलं. त्या गेल्या तेव्हा संघात सुमारे ४,००० सिस्टर होत्या आणि १२३ देशांत ६१० घरं. ४ सप्टेंबर २०१६ रोजी रोमनं त्यांना संत घोषित केलं.

खाली उतरलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. एक सिस्टर समाधीवरच्या सुकलेल्या पाकळ्या तळहातानं गोळा करून बादलीत टाकत होती. दाराशी दुसरी, हातात किल्ल्या.