मारुती ८००चे दरवाजे विकताना
आज मारुती ८००चे दोन दरवाजे आणि एक बॉनेट गेलं. विकणाऱ्यांनो, आधी गाडीचं वर्ष सांगा. १९८६ला बॉडी बदलली. त्याआधीच्या एसएस८०चा, म्हणजे पहिल्या मॉडेलचा दरवाजा नंतरच्या गाडीला बसत नाही. फोटोत चकचकीत रंग नको, खालची कड उलटी करून दाखवा. पाणी निघायची भोकं मातीने बुजली की गंज तिथूनच, आतून धरतो. लोहचुंबक फिरवा. जिथे नीट चिकटत नाही तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) जाड भरलीय, ते लपवू नका. शौकीन गिऱ्हाईक चुंबक खिशात घेऊनच येतं. लॉक आणि काच वर-खाली करायची मशीन काढून वेगळी किंमत लावा. पार्सलमध्ये कोपरे आधी चेपतात, तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे बांधा. आणि काच आत ठेवून दरवाजा पाठवणं म्हणजे भांडण विकत घेणं!