आमची वाटचाल: गाण्यांच्या गाड्या आणि दीड मिलिमीटर

२०११ ला लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सुरुवात केली, मी आणि माझा पार्टनर. तो गणपतीच्या कारखान्यात साचे काढायचा, मी गॅरेजमधे स्प्रे मारायचो, दोघांनाही गाण्याचं वेड. तेव्हाच ठरलं की जिच्यामागे गाणं आहे, बँड आहे, तिचंच छोटं मॉडेल बनवायचं, आणि १:२४ मधेच, म्हणजे लांबीला खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं. बरेच जण म्हणाले मोठं, १:१८ करा, पैसा त्यात आहे, पण पन्नास बॉडी वाळत ठेवायला चाळीत जागा कुठून आणायची.

पहिली खरी ऑर्डर गिरगावच्या काकांची. बँकेतून रिटायर, ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे. त्यांना अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनची पोर्शे पाहिजे होती, १९६४ ची ३५६, तिच्या बँडचं सामान सांभाळणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सने अख्खी रंगवलेली, पुढे २०१५ ला जी लिलावात १७ लाख ६० हजार डॉलरला गेली तीच. तिच्यावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं छापील चित्र, चिकटवून भागत नाही, ट्रिपल झिरोच्या अगदी बारीक ब्रशने बॉनेटपासून मागच्या बंपरपर्यंत सगळं हाताने. नऊ आठवडे लागले. काका दर शनिवारी येऊन स्टुलावर बसायचे, भिंगातून बघायचे, "हा निळा गडद झालाय रे, पुसून टाक." पुसायचो. त्यांचं बरोबर असायचं.

नवीन मुलांना सांगतो, मुंबईत जून ते सप्टेंबर लॅकर मारू नका. हवेतलं पाणी रंगात बसतं आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, दुधासारखा पांढरा पडतो. मारायचाच असेल तर रंग हळू वाळवणारा रिटार्डर थिनर घाला, सकाळी नको, दुपारी मारा, ०.३ मिलिमीटरचा नोझल आणि पातळ हात. काळीपिवळी टॅक्सी करताना आधी पिवळा, मग मास्किंग टेप, मग काळा. उलटं केलंत तर काळ्यावर पिवळा झाकत नाही, रडत बसाल.

काळीपिवळीचंच दुःख आहे. २०१६ ला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा मुंबईत शूट केलेला व्हिडिओ आला, त्यात आपली टॅक्सी, आणि आम्ही त्याच महिन्यात त्या टॅक्सीचा, म्हणजे जुन्या फियाट पद्मिनीचा मास्टर (ज्याच्यावरून साचा घेतात तो हाताने केलेला पहिला पीस) काढायला घेतला. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारातल्या बारीक कानशी, पुट्टी, पॉलिश पेपर, पाच महिने. डाव्या हेडलाइटखाली कानशीचा एक बारीक चरा राहिला, तो कधीच गेला नाही. एका सिलिकॉन साच्यातून पंचवीस-तीस बॉडी निघतात, मग साचा फाटतो, परत नवा. मधली वर्षं चांगली गेली. पार्टनर गावाला कायमचा गेला तरी काम थांबलं नाही.

मग ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली, सगळ्या मुंबईला एकदम ती आठवायला लागली, आणि आम्ही कर्ज काढून साच्यांचं सिलिकॉन आणि त्यात ओतायचं रेझिन भरून ठेवलेलं. तेवढ्यात आमच्याकडूनच आठ वर्षं माल उचलणाऱ्या एका दुकानदाराने स्वतःची काळीपिवळी काढली, आमची २८०० ला, त्याची १३००. मी एक विकत आणली, उलटी केली, डाव्या हेडलाइटखाली पाहिलं. तोच चरा. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावला तर दीड मिलिमीटर आखूड, कारण रेझिन आकसतं, आमच्या पीसवरून साचा घेतला की कॉपी लहानच निघणार. दुकानदार तोंडावर म्हणाला, "फियाट काय तुझी आहे?" फियाट माझी नाही, पण तो चरा माझाच आहे ना भाऊ, माझ्या हाताने पडलेला. अजून झोपेत ते वाक्य ऐकू येतं. चार महिने विक्री जवळपास नाही, हप्ते थकले, स्प्रेचा कंप्रेसर विकायला काढला होता.

काकांना कुठून कळलं माहीत नाही. आले, चार गाड्यांचे पूर्ण पैसे टेबलावर ठेवले, "कुठल्या ते नंतर सांगतो, कंप्रेसर विकू नकोस." त्यातून दोन हप्ते गेले आणि कंप्रेसर वाचला. आता प्रत्येक मास्टरच्या चेसिसवर आतून एक खूण ठेवतो, व्हर्नियर लावून फोटो काढतो. तुम्हीही ठेवा, आणि मास्टर कोणाला दाखवायलासुद्धा बाहेर नेऊ नका.

तीन गाड्या देऊन झाल्या. चौथी म्हणून काकांनी बीटल्स बँडच्या ॲबी रोड अल्बमच्या कव्हरवरची पांढरी फोक्सवॅगन बीटल मागितलीय, नंबर एलएमडब्ल्यू २८१ एफ. खऱ्या गाडीची नंबरप्लेट लोकांनी परत परत चोरली म्हणे, त्यामुळे काकांना प्लेट नीट पाहिजे. १:२४ मधे अक्षराची उंची चार मिलिमीटरसुद्धा येत नाही. दोन डिकल फुकट गेली, तिसरं काल पाण्यात सोडलंय, शनिवारी काका येतील तेव्हा भिंगातून बघतील.