तुम्ही विचारलंत म्हणून: वासच येत नाही, मग लावता कशाला?

‘इतका महागाचा सेंट, आणि वास तर काहीच येत नाही. मग लावता कशाला?’ रामबागेतल्या शेजारणी विचारतात, ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाला शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या ताई विचारतात, आणि दर वेळी पडदा उघडतो नि उत्तर राहून जातं. म्हणून आज नीट सांगते.

मी इंदूरमध्ये डोळे तपासते, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. काम चालतं बंद, अंधाऱ्या खोलीत. चष्म्याचा नंबर काढताना पेशंट हातभर अंतरावर असतो. डोळ्याचा पडदा पाहायला ऑफ्थॅल्मोस्कोप हातात घेतला, की माझा उजवा डोळा त्याच्या उजव्या डोळ्यापाशी, गालाला गाल लागेल इतका जवळ. माझ्या केसांचं तेल, माझा सेंट, सगळं त्याच्या नाकात जाणार आणि त्याला मान हलवायचीही सोय नाही. पूर्वी मी चांगला दणदणीत, गोड वासाचा सेंट लावत असे. एकदा अर्धशिशीचा त्रास असलेली एक मुलगी तपासणी चालू असताना उठली आणि बाहेर जाऊन तिला उलटी झाली. अर्धशिशीत पुष्कळांना उग्र वास सोसत नाहीत, हे मी शिकले होते, तरीही लावून आले होते. तिची माफी मागितली. त्यानंतर दोन वर्षं अंगाला साबणाखेरीज कसलाही वास लागू दिला नाही.

मग भाचीनं पॅरिसहून ‘दो सॉन’ नावाच्या अत्तराची बोटाच्या पेराएवढी कुपी आणून दिली. तुम्ही विचारता तो सेंट हाच. ती बनवणारं दिप्तिक हे पॅरिसमधलं दुकान १९६१ साली तिघा मित्रांनी काढलं. आधी तिथे कापड विकायचे, अत्तरं मागाहून आली. तिघांपैकी ईव्ह क्वेलाँ यांचं बालपण व्हिएतनाममध्ये गेलं. हायफाँगजवळच्या दो सॉन या समुद्रकाठच्या गावी वाऱ्यावर येणारा निशिगंधाचा वास त्यांच्या लक्षात राहिला होता. त्या आठवणीवरून फाब्रिस पेलग्रँ यांनी २००५ मध्ये हे अत्तर रचलं.

निशिगंध हे नाव मी शाळेत शिकले. माझी आजी गुलछडी म्हणायची आणि राजवाड्याजवळचा हारवाला रजनीगंधा म्हणतो. फूल मुळात मेक्सिकोचं. खुडल्यावरही त्याच्या कळ्या गंध तयार करत राहतात, म्हणून फुलदाणीतली दांडी रात्री घर भरून टाकते. लग्नाच्या हॉलमध्ये त्याच्या माळाच माळा लावतात तेव्हा माझं डोकं जड होतं, त्यामुळे कुपी उघडताना मी जरा धास्तावलेच होते.

पहिल्यांदा आला तो संत्र्याच्या मोहोराचा, हिरवट, ओलसर वास. पाच-सात मिनिटांत एक झणका आला आणि मला फार आनंद झाला, कारण तो ओळखीचा होता: मुरगळलेल्या पायाला चोळतात त्या गंधपुरा तेलाचा. खऱ्या निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेट नावाचं रसायन असतं आणि गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ तेच. फुलातली ही औषधी बाजू झाकून नुसतं गोड अत्तर करणं सोपं होतं. इथे ती ठेवलीय, अगदी चिमूटभर. नंतर फूल उमलतं, तेही लांबून. दांड्या शेजारच्या खोलीत असाव्यात, दार लोटलेलं असावं आणि मधूनच वाऱ्यानं किलकिलं व्हावं, तसं. शेवटी राहतो तो मस्क, म्हणजे कस्तुरीच्या जातीचा वास, न्हाऊन आलेल्या माणसाच्या मानेपाशी असतो तसा.

आता ‘वास येत नाही’ या तक्रारीबद्दल. ती खोटी नाही. आपलंच नाक थोड्या वेळात एखाद्या वासाला सरावतं आणि त्याची दखल घेणं सोडून देतं. काही जणांना मस्कचे ठरावीक प्रकार जन्मतःच जाणवत नाहीत. शिवाय आपला मे महिना: पारा चाळिशीच्या वर, कोरडी लू, घरून क्लिनिकला पोहोचेपर्यंत अर्धं फूल उडून गेलेलं असतं. मी आधी मनगटाला थेंबभर खोबरेल चोळते, मग जरा टिकतं. पावसाळ्यात दमट हवेत तेच अत्तर दुपारपर्यंत सोबत करतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. हळदीकुंकवाला आपण हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट लावतो. तिथे कुणी म्हणतं का, पलीकडच्या सतरंजीवर वास पोचला नाही? हात आपण आपल्याच नाकाशी नेतो, नाहीतर कुणी पोर मांडीवर येऊन बसतं आणि विचारतं, हे काय लावलंस? अत्तर एवढ्याच अंतरासाठी असतं, असं मला मनापासून वाटतं. माझं तर सगळं कामच त्या अंतरात चालतं.

गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. समोर धरलेली बोटंही मोजता येत नव्हती. मी जवळ वाकले तशा म्हणाल्या, ‘गुलछडी का गं?’ माझी आजी गेल्यानंतर तो शब्द मी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकला. ‘हो,’ म्हटलं. ‘आता वर बघा.’ त्यांनी वर बघितलं.

तेव्हा शेजारणींनो, दुपारी नाटकाच्या गर्दीत माझ्याजवळ नाक नेऊ नका. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर या. शब-ए-मालवा, म्हणजे आपल्या माळव्याची रात्र, असं उगीच म्हणत नाहीत. भर उन्हाळ्यातही रात्री आपल्याकडे गार वारा सुटतो. मनगटावर एक थेंब देईन. चोळायचं नाही, लगेच हुंगायचं नाही. अर्धा तास गप्पा मारू, मग हात वर करा.