तेल चढले, सोयाबीन का चढले नाही?

लातूर, रविवार, 20 ऑक्टोबर 2024

काल काकांबरोबर आडतीवर गेलो होतो. वीस कट्टे सोयाबीन घातले आणि क्विंटलला 4,350 रुपये भाव पडला. 2024-25 चा हमीभाव 4,892 होता. सरकारी खरेदीत 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नव्हता आणि पावसात सापडलेला आमचा माल त्यात बसत नव्हता, म्हणून दुसरा इलाज नव्हता.

विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडेपर्यंत आडत्याच्या गादीवर चहा घेत बसलो असताना काका म्हणाले, "दिल्लीनं तेलावर कर वाढवला, तेलाचा डबा महाग झाला, मग आपलं सोयाबीन का चढंना?" मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रश्न रास्त होता. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेलावरील एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर गेले, तेही शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येत असल्याने वाढ किराणा दुकानापर्यंत लगेच पोहोचली. म्हणजे दरवाढ काकूंच्या वाट्याला आली, काकांच्या नाही.

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात मुनीम म्हणाले, "प्लांटवाले पेंडीचं रडायलेत, सर." माझ्या मते खरे उत्तर तेच होते. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते साधारण 18 किलो, बाकी जवळजवळ सगळी पेंड, म्हणजे कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाणारा उरलेला भाग. त्यामुळे तेल कितीही तापले तरी पेंड थंड असेल तर कारखाना सोयाबीनला चढा भाव देत नाही. इथेनॉलसाठी मका वापरल्यावर उरणारा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात मिळू लागला आहे, आणि निर्यात करावी तर अर्जेंटिना व ब्राझीलची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त पडते.

आडत्याने मोबाइलवर शिकागोच्या बाजारातला सोयाबीनचा भाव दाखवला. तिथे तो बुशेलवर चालतो आणि त्या वेळी 10 डॉलरच्या खाली होता. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे 27.2 किलो आणि डॉलर 84 रुपयांचा, असा हिशेब मी पट्टीच्या पाठीवरच मांडला, तेव्हा अमेरिकेतला भाव क्विंटलला तीन हजारांच्या आसपास निघाला. काका बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि मग, "तिकडं एकरी उतारा किती पडतो?" एवढेच त्यांनी विचारले. उतारा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, हे सांगताना मला उगीचच अपराधी वाटले.

खरे तर मला अपराधी वाटण्याचे कारण जुने आहे. 2021 च्या पावसाळ्यात लातुरात भाव दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा काकांकडे जुना माल शिल्लक होता आणि "अजून थांबा" असा सल्ला मीच दिला होता. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल आला आणि भाव कोसळला. त्याच डिसेंबरात सेबीने, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे, बंद केले. त्याला आता तीन वर्षे होत आली. पूर्वी या गादीवर पुढच्या महिन्याचा वायदा निदान पाहता तरी येत असे. तो नेहमी खरा ठरे असे नाही, पण बोलणे एका आकड्याभोवती फिरे. आता ब्राझीलचा पाऊस, चीनची खरेदी, इंडोनेशियाचे पामतेल यांच्या बातम्या मिनिटामिनिटाला येतात, परंतु दिवाळीनंतर लातुरात काय भाव असेल याचा आकडा कुठेच दिसत नाही. वायद्यांतल्या सट्ट्यामुळे भाव भडकतात हे सरकारचे म्हणणे मी वर्गात सांगतो. काल गादीवर ते सांगायला जीभ रेटली नाही.

2021 च्या त्या सल्ल्यापासून काका मला "विकू का ठेवू" असे विचारत नाहीत, फक्त "का" ते विचारतात. घरी आल्यावर काकूंनी दिवाळीच्या तेलाच्या डब्याचे पैसे मागितले, ते काकांनी पट्टीच्या पैशांतूनच काढून दिले आणि उरलेले हरभऱ्याच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवले. अजून तीस कट्टे पत्र्याखाली आहेत. उद्या ऊन पडले तर ते अंगणात पसरायचे आहेत.