स्पोकवर उभी राहिली केबिन

मंडळी, माझ्या मॉडेलमधली नॉर्वेची केबिन अखेर स्वतःच्या पायांवर उभी आहे. छप्पर बसलंय, भिंती झाल्यात, खिडक्या राहिल्यात. मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रमाण १:२०, दोन पाहुण्यांची एक खोली. खरी असती तर ६ बाय ४ मीटर, म्हणजे टेबलावर ३० बाय २० सेंटिमीटर. पाय ज्युवेट हॉटेलच्या खोल्यांचे, छप्पर तिकडच्या जुन्या लाकडी घरांचं. अशी केबिन प्रत्यक्षात कुठेच नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर फोटो शोधत बसाल.

सगळ्यात जास्त जीव पायांतच गुंतला होता. ज्युवेट हे नॉर्वेतल्या वॉलडालचं हॉटेल, येन्सेन आणि स्कोडविन या वास्तुकारांचं. एक मोठी इमारत उभी करण्याऐवजी त्यांनी दरीच्या काठाने सुट्या खोल्या विखुरल्या. प्रत्येक खोली खडकात भोकं पाडून बसवलेल्या ४० मिलिमीटर जाडीच्या भरीव पोलादी सळ्यांवर उभी आहे. सुरुंग नाही, जमीन सपाट करणं नाही, खालचा दगड आणि झुडपं जवळजवळ होती तशीच. पर्यावरणपूरक म्हणून गवगवा झालेली खूप हॉटेलं कागदावर पाहिलीत. सौर पॅनेल लावायचं आणि त्यासाठी आख्खी टेकडी खरवडायची, अशी गत असते. इथे उलटं आहे, म्हणून मला ही रचना आवडते.

आता ४० मिलिमीटरला २० ने भागलं की येतात २. आणि २ मिलिमीटरची सरळ, ताठ, गंज न धरणारी पोलादी सळई बेळगावात कुठल्याही सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळते: स्पोक! शहापुरातल्या दुकानदाराने मूठभर जुने स्पोक तसेच दिले, वर विचारलं, "चाक बांधायलास काय घरात?" स्पोकच्या एका टोकाला आटे असतात आणि त्यावर बारीक पितळी नट फिरतो. तो नट केबिनच्या तळाशी बसवला, त्यामुळे प्रत्येक पायाची उंची वेगळी जुळवता आली. उतारावर वरच्या बाजूचे पाय ५ सेंटिमीटर, खालच्या बाजूचे १०. पाणसळ ठेवून एकेक नट चिमटीने फिरवत बसायचं. बुडबुडा मध्यावर आला की पुढचा पाय. हे काम मला इतकं आवडलं की पुढचं मॉडेलही उतारावरच करणार.

दगड म्हणून काळ्या फरशीचे तुकडे एकावर एक चिकटवले. २ मिलिमीटरचं दगडी ड्रिल मिळत नाही, म्हणून ३ चं भोक पाडून उरलेली फट अ‍ॅराल्डाइटने भरली. खालच्या बाजूच्या लांब पायांना बोटाने ढकललं की केबिन किंचित डुलत होती, तेव्हा दोन ठिकाणी तिरपी तार ओढली.

आमचे सुतारमामा बघायला आले होते. त्यांचा पहिला प्रश्न: "एवढ्या काड्यांवर पावणं झोपायचं? वारं सुटलं म्हंजे?" रास्त प्रश्न. खांब खाली दाबला जातो एवढंच आपण धरून चालतो, पण उघड्या डोंगरावर वारा घर वरही उचलतो. सळई खडकात पक्की धरलेली असेल तर ती दोन्ही कामं करते. आणि बाकीचं काम छपराचं वजन करतं.

त्या वजनाची परीक्षा घेतली. आकार सगळीकडून सारखाच लहान केला आणि धातू तोच ठेवला, तर चौरस मीटरमागचं ओझं खऱ्याइतकंच ठेवायचं, म्हणजे पायांवरचा ताणही खऱ्याइतकाच येतो. तिकडच्या मातीगवताच्या छपराचं वजन चौरस मीटरला साधारण २५० किलो, हिवाळ्यात बर्फ धरून ४०० ते ५०० किलोपर्यंत जातं. माझ्या केबिनचं क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर. छप्पर बसवण्याआधी जमिनीच्या फळीवर घरातली २५ किलोची तांदळाची पिशवी आडवी ठेवली, म्हणजे चौरस मीटरला ४१५ किलोच्या आसपास. स्पोक हूं की चूं करेनात. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी भाताला तांदूळ शोधणाऱ्यांनी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

छप्पर. जुन्या नॉर्वेजियन घरांत फळ्यांवर भूर्जाच्या सालीचे थर एकावर एक रचतात. पाणी अडवते ती साल, माती नव्हे. माती साल दाबून धरते आणि घर ऊबदार ठेवते. गवताची ढेकळं दोन थरांत घालतात, खालचा थर गवत खाली करून, वरचा गवत वर करून. मिळून साधारण १५ सेंटिमीटर. शिवाय एवढं ओझं भिंतीच्या ओंडक्यांना एकमेकांवर दाबून ठेवतं आणि फटी मिटतात. उतारावरून ढेकळं घसरू नयेत म्हणून पागोळीच्या कडेला एक आडवा ओंडका.

साल म्हणून काय वापरावं यावर पुष्कळ डोकं खाजवलं, आणि उत्तर पूजासाहित्याच्या दुकानात निघालं. भूर्जपत्र! हिमालयातला भूर्ज आणि नॉर्वेतला भूर्ज एकाच कुळीतले. छोटासा तुकडा आणला, कोमट पाण्यात मऊ केला आणि नखाने पापुद्रे सोडवले. कागदापेक्षा पातळ, गुलाबीसर, आडव्या बारीक रेघांचे. १:२० ला याहून खरी साल मिळणं कठीण. त्यावर पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर येतं ते शेवाळ, सावलीत सुकवून, ७ ते ८ मिलिमीटर जाडीचं. रंग थोडा तपकिरी झालाय, पण तिकडेही शरदात छपरं तशीच दिसत असणार.

भिंतींचं लाकूड उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या मशीनच्या खोक्यांचं, पाइन. ओंडक्यांच्या मध्ये तिकडे शेवाळ किंवा लोकर ठासतात; मी जुन्या घोंगडीची लोकर पिंजून घातली. ओंडक्यांचं घर वाळत जातं तसं वर्षानुवर्षं खाली बसतं, म्हणून खिडकीच्या चौकटीवर मोकळी फट सोडावी लागते. ती मॉडेलमध्येही सोडली आहे. आमच्या जुलैच्या दमट हवेत पाइन फुगलं, आणि ती फट शोभेची नाही हे सिद्ध झालं!

ज्युवेटच्या मूळ खोल्यांना फक्त ५० मिलिमीटर इन्सुलेशन आहे, कारण त्या उन्हाळ्यासाठीच योजलेल्या. माझे पाहुणे बारमाही, त्यामुळे ओंडक्यांच्या आत १२ मिलिमीटर थर्माकोल, म्हणजे खऱ्यातलं २४० मिलिमीटर.

उन्हाचा हिशेब करताना एक गंमत हाती लागली. वॉलडाल साधारण ६२ अंश उत्तरेला, बेळगाव १६ च्या जवळ. तिकडे भर उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जास्तीत जास्त ५१ अंश वर येतो. आपल्याकडे डिसेंबरात, म्हणजे वर्षातला सगळ्यात खाली असताना, मध्यान्हीचा सूर्य तेवढाच असतो. तिकडचा हिवाळी सूर्य मध्यान्हीला जेमतेम ४ अंशांवर, तोही मधे डोंगर नसला तर. टॉर्च २ मीटरवर, जमिनीच्या फळीपेक्षा १४ सेंटिमीटर उंच धरून पाहिली: दक्षिणेच्या खिडकीतून उजेड थेट मागच्या भिंतीवर. ५१ अंशांवर धरली तर खोलीच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. म्हणून दक्षिणेला एकच मोठी खिडकी, उत्तरेला जवळपास काही नाही.

आता वादाचा मुद्दा. जांबोटी ते कणकुंबी रस्त्यावर जागा असलेल्या एका मित्राने मॉडेल बघून तिथेच विचारलं, "अशाच चार खोल्या घालूया की माझ्या जाग्यात!" मलप्रभेच्या उगमाचा तो मुलूख, चार महिने पाऊस कोसळतो. पायांची कल्पना तिथे जरूर चालेल. उतारावरचं पाणी खोल्यांच्या खालून वाहून जाईल, झाडं तोडावी लागणार नाहीत. पण जांभा नॉर्वेच्या खडकासारखा नव्हे. बारीक सळईने तिथे भागणार नाही, बैठक रुंद हवी, आणि गंजाची काळजी वेगळी. भिंती मात्र अजिबात उचलू नयेत. थंड देशात ओलावा आतून बाहेर जातो, माणसांच्या श्वासातला, स्वयंपाकातला. म्हणून बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूला लावतात. कणकुंबीला पावसाळ्यात ओलावा बाहेरून आत येतो. त्यात एसी लावला तर तोच पडदा ओल भिंतीत कोंडून ठेवेल आणि दोन पावसाळ्यांत बुरशी. तिथे हवी खेळती हवा, खोल पागोळ्या, कौलं. मित्राला पटलं नाही. त्याला शेवाळाचं छप्पर हवंय, इन्स्टाग्रामसाठी.

इथल्या काही जणांनी फोगो आयलंड इनची आठवण करून दिली होती. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या बेटावरचं २९ खोल्यांचं हे हॉटेल वास्तुकार टॉड सॉन्डर्सचं, २०१३ मध्ये उघडलं. तेही खांबांवर, तिथल्या कोळ्यांच्या लाकडी धक्क्यांच्या धर्तीवर. त्याच्या छपरावरचं पाणी तळघरातल्या टाक्यांत जातं. मला ते खूप आवडतं, पण १:२० ला ते माझ्या खोलीत मावणार नाही. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावातली खांबांवरची घरं मात्र पुढच्या मॉडेलांच्या यादीत आहेत. तिथे जमीनच गोठलेली असते. घराची ऊब खाली उतरली तर जमीन वितळून घर कलंडेल, म्हणून घराखालून थंड हवा वाहती ठेवतात. तिथली खालची पोकळी हीच खरी रचना.

खिडक्यांवर अडलोय. तीन काचांची खिडकी, ४ मिलिमीटरच्या काचा आणि मधे १६ च्या दोन पोकळ्या, एकूण ४४. माझ्या प्रमाणात काच ०.२ मिलिमीटर, पोकळी ०.८. ओएचपीची, म्हणजे प्रोजेक्टरवर ठेवायची पारदर्शक शीट ०.१ ची मिळते. दोन चिकटवल्या की मधे बुडबुडे राहतात आणि टॉर्चच्या उजेडात ते आधी दिसतात. ०.२ ची स्वच्छ, न पिवळी पडणारी शीट कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्यात कुणाला मिळाली असेल तर दुकानाचा पत्ता टाका. पोकळीसाठी ०.८ ची पट्टी मी पत्त्यांच्या जाड खोक्यातून कापतोय, ती जमतेय.