बाल्कनीला चिकटपट्टी : आमची अलास्का क्रूझ

आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते, म्हणून या उन्हाळ्यात सिअ‍ॅटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ केली. आम्ही तिघं बिनखिडकीच्या केबिनमध्ये, आई-बाबांना बाल्कनीची. बाबांचे गुडघे गेलेत. ग्लेशियर बे, म्हणजे अलास्कातलं हिमनद्यांचं राष्ट्रीय उद्यान, त्यांना खुर्चीत बसून, शाल पांघरून, चहा पीत बघता यावं, एवढ्यासाठी खिडकीवाल्या केबिनपेक्षा माणशी 350 डॉलर जास्त मोजले.

सिअ‍ॅटलच्या पिअर 91 या धक्क्यावरून जहाज सुटलं आणि रात्री अकराला आईचा फोन. "अगं, खोलीत कोणीतरी शिट्ट्या मारतंय." जाऊन बघते तर बाल्कनीचं जड सरकतं दार शेवटचं बोटभर बसतच नव्हतं आणि त्या फटीतून वारा घुमत होता. भरीस भर म्हणजे दार उघडं राहिलं की खोलीतला एसी-हीटर आपोआप बंद होतो. चौकटीत तसा सेन्सर असतो. दार सदा उघडंच, त्यामुळे हीटर सदा बंद. आईनं फटीत टॉवेल कोंबला, बाबा स्वेटर घालून झोपले.

मी रिसेप्शनला फोन केला. "पाठवतो कोणालातरी," म्हणाले. ही माझी पहिली चूक. सकाळी आईची केबिन आवरायला आलेला मुलगा मडगावचा निघाला. आईचं आणि त्याचं मराठी-कोंकणीत जमलंच. तो हळूच म्हणाला, "ताई, फोनवर सांगितलेलं वाऱ्यावर जातं. खाली जाऊन नोंद करायला लावा, नंबर घ्या." गेले. रात्रीच्या फोनची कुठेही नोंद नव्हती.

सुतार दोनदा येऊन गेला. क्रूझच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी दार ओढून बसवलं, बाहेरून रुंद चिकटपट्टी मारली आणि काचेवर 'उघडू नये' असा कागद लावला. शिट्टी थांबली, हीटर सुरू झाला, बाल्कनी गेली. केबिन बदलून मागितली तर जहाज भरलेलं. पहिल्याच रात्री खाली जाऊन मागितली असती तर न आलेल्या प्रवाशांपैकी कोणाची तरी मिळाली असती, असं काउंटरवरची बाई बोलून गेली. तेव्हा सकाळची वाट बघू नका.

ग्लेशियर बेच्या दिवशी पार्कचे रेंजर जहाजावर येतात आणि माइकवरून माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी सावकाश वळतं, त्यामुळे डावीकडची केबिन की उजवीकडची यावर डोकं खपवू नका. बाबांसाठी पुढच्या लाउंजमध्ये काचेलगत दोन खुर्च्या राखून द्या, असं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. दिल्या त्यांनी. पण मागितल्यावर. बर्फाचा कडा कोसळला आणि गडगडाट दोन सेकंदांनी आला, तेव्हा बाबा लहान मुलासारखे उठून उभे राहिले. गुडघ्यांसकट.

आता पैशांचं. आधी 100 डॉलरचं, जहाजावरच खर्च करायचं क्रेडिट देऊ केलं. असं क्रेडिट बरेचदा शेवटच्या रात्री न वापरल्यास बुडतं, रोख मिळत नाही. 'यापुढे तक्रार नाही' अशा मजकुराखाली सही मागितली तर करू नका. मनस्ताप, आईवडिलांची हौस वगैरे बोलून उपयोग नसतो, समोरचा मान हलवतो. मी कागदावर हिशोब मांडला. दोघांचे जादा 700, रात्री सात, म्हणजे रात्रीचे 100. बाल्कनी बंद सहा रात्री, म्हणून 600. त्यानंतर सूर बदलला. उतरायच्या आधी बिलातून 150 वजा झाले आणि तक्रारीच्या नोंदीची छापील प्रत हातात पडली. घरी आल्यावर ती प्रत, शिट्टीचा व्हिडिओ आणि पट्टीचे फोटो जोडून ईमेल केली. तीन आठवड्यांनी 250 कार्डावर आले. शिवाय पुढच्या क्रूझवर सवलतीचं कूपन, ते कचऱ्यात.

उरलेल्या 200 साठी नवरा कोर्टात जायला निघाला होता. तिकिटाचा करार वाचला आणि गप्प झाला. दावा कोणत्या शहरात लावायचा, लेखी तक्रार किती दिवसांत द्यायची, हे त्यातच ठरलेलं असतं. 1991 साली आमच्याच वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की करारात फ्लोरिडा लिहिलंय तर दावा फ्लोरिडातच. कंपनी अजिबातच दाद देत नसेल तर कार्डाच्या बँकेकडे हरकत घेता येते. त्यासाठी ज्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम आली, ते पाठवल्यापासून 60 दिवसांचा हिशोब धरा. सहा महिने आधी पैसे भरले असतील तर ही वाट बहुधा बंदच.

आणखी एक, दाराशी संबंध नसलेलं. सिअ‍ॅटलहून सुटणाऱ्या अलास्का क्रूझ बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्या आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा वेळेत काढा. अमेरिकेत परत शिरायचं असतं, तेव्हा त्यांचा अमेरिकेचा व्हिसाही बघून ठेवा.

सांगलीला परतल्यावर आईनं सगळ्यांना फोटो दाखवले. केबिनमधल्या प्रत्येक फोटोत समुद्रावर आडवी चिकटपट्टी आहे. मावशीला वाटलं, डिझाइनच आहे.